श्वेतसुवर्णची दिंडी

फाल्गुन उतरणीला लागला होता. वऱ्हाडच्या काळ्याभोर मातीवर वेचून रित्या झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, कृश, करड्या, अस्थिमात्र. बांधाबांधावर पळस पेटला होता. ऊन तर असं, की कुणी आभाळाच्या भट्टीचं तोंड उघडलं आणि लावायचं विसरून जेवायला निघून गेलं.

त्या ज्वालावर्णी उन्हात गावाबाहेरचं जुनं जिन उभं होतं. एके काळी इथे कापसातून सरकी वेगळी होई. आता त्याच भिंतींत माणसांची घरं होत होती. विटा त्याच, तुळया त्याच, धुराडंही तेच. फक्त त्यातून धूर निघायचा तेव्हा ते धुराडं होतं, आता निघत नव्हता म्हणून ते शिल्प झालं होतं. नाव ठेवलं होतं 'श्वेतसुवर्ण रेसिडेन्सी'. श्वेत केव्हाच संपलं होतं. सुवर्णाचं काम चालू होतं.

आणि होतं लोखंड. कृष्णवर्ण, मितभाषी, पिढ्यांचा घाम प्यालेलं लोखंड. त्याचे उंच सडसडीत खांब, त्याचा शंखासारखा वळत जाणारा जिना, त्याचे कमळकळ्यांचे कठडे. पंचफुला तायडेने गंजाची साल सोलून ते एकेक उजळवलं होतं. नवऱ्यामागे वेल्डिंगचं दुकान तिनेच चालवलं. तिच्यासारखा जोड तालुक्यात कुणाला जमत नाही, असं लोक म्हणत. लोक म्हणायचे राहिले, तर ती स्वतः म्हणे.

आता उरलं होतं महाद्वार.

दोन अजस्र पाखं. माथ्यावर भाल्यांची रांग. आणि उजव्या पाखाच्या पोटात एक चिमुकलं दार, दिंडी दरवाजा. इतकं ठेंगणं, की कमरेत मोडल्याशिवाय त्यातून देह पार होऊ नये.

पंचफुलाची माय, देवका, या दिंडीतून तरुणपणी आत गेली आणि म्हातारपणी बाहेर आली. संध्याकाळी भोंगा व्हायचा. बाया रांगेत यायच्या, ओणव्या होऊन एकेक बाहेर पडायच्या, आणि बाहेर पडता पडता झडती व्हायची. पदर झाडा. ओचा झटका. अंबाडा सोडा. पोटाशी मापटंभर रुई लपवून कुणी नेऊ नये, म्हणून. एका संध्याकाळी देवकाच्या केसांत रुईचा पुंजका सापडला. रुईत दिवसभर बुडालेल्या बाईच्या केसांत रुई नाही तर काय मोगरा सापडणार? पण रखवालदार ओरडला, चोर! आणि मोकळ्या केसांची देवका दिंडीशेजारी उभी राहिली, दिवेलागण होईतो, येणाऱ्याजाणाऱ्यांनी बघावं म्हणून. रस्त्यापलीकडे बोट चोखत पंचफुला उभी होती. तिनेही बघितलं.

ते केस तिच्या डोळ्यांत अजून मोकळेच होते.

तरी तिने दिंडी घासली. बिजागरीत तेल सोडलं. म्हटलं, राहील बापडी शोभेला. मुकी राहील. दात पडलेल्या वाघिणीसारखी राहील.

तेवढ्यात गावंडेभाऊ आले. हे बिल्डर, कडक इस्त्रीचे, सदासुहास्य.

"पंचफुलाबाई, दिंडी एकदम गुळगुळीत फिरली पाहिजे बरं. रोजच्या वापराची हाय ते."

"कोणाच्या वापराची, भाऊ?"

"कामवाल्या बायांच्या! मोठं दार राहणाऱ्यांच्या गाड्यांले. बाया-गिया इकडून. वाकून एकेक निघाली, का पिशवी पाहाले बरी पडते."

"अन् अंबाडे?"

"काय?"

"अंबाडे म्हणतो मी. तेही सोडून पाहासान का?"

गावंडेभाऊ मनापासून हसले. "तुम्ही बी ना, पंचफुलाबाई!" म्हणाले, आणि उद्याच्या गृहप्रवेशाच्या मांडवाकडे वळले.

राग असा आला, की आधी तो हातांना कळला. पान्ह्यावर आवळलेली बोटं पांढरी झाली, कापसाहून पांढरी. छातीत काहीतरी लाल झालं, मग केशरी, मग शुभ्र. लोखंड वितळायच्या आधी होतं तसं.

भर दुपार. मांडववाले सावलीला लवंडलेले. पंचफुलाने डोळ्यांपुढे काळी काच धरली, रॉड टेकवला, आणि दिंडीच्या ओठांवर सूर्य ठेवला.

निळाजांभळा, डोळे फोडणारा सूर्य. ठिणग्यांचे पळस उधळले. एक टाका मायच्या पदराला. एक टाका ओच्याला. एक, दोन, अगणित टाके त्या मोकळ्या केसांना. चौकट आणि दार, दार आणि चौकट, रेघ मिटत गेली, मिटत गेली, मिटली. मग ग्राइंडरने जोड सपाट केला, काळा रंग फिरवला. तालुक्यात कुणाला जमत नाही, असा जोड.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांच्या गाड्या आत घेऊन महाद्वार लावलं, आणि बाहेर थांबलेल्या कामवाल्या बायांसाठी रखवालदाराने दिंडी लोटली. मग खांदा लावला. मग लाथ घातली.

"पंचफुलाबाई!" गावंडेभाऊंची इस्त्री प्रथमच मोडली. "हे हलून नाही राहिली!"

"जुनं लोखंड हाय, भाऊ. हेरिटेज. त्याची मर्जी."

"मंग कापा न!"

"कापतो. पण तुम्हीच त पत्रकात छापलं, मूळ लोखंडाले धक्का नाही लावला म्हणून. ते पाहुणे घेऊन बसले वाचत. त्याइच्यासमोर कापू का?"

गावंडेभाऊंनी पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुण्यांनी, पेढा खात, दाराकडे.

"मंग या बाया येतीन कुठून?"

पंचफुला हसली नाही. मागे सरली नाही. तिच्या आवाजात कालची धग तशीच होती. "दार समोर हाय. उघडा."

अडसर निघाला. भाल्यांची रांग दुभंगली. महाद्वाराची दोन्ही पाखं करकरत, कुरकुरत, नाइलाजाने मागे हटली, आणि पूर्वेचं सगळं ऊन एकदम आत शिरलं.

त्या उन्हातून बाया आल्या. काखेत पिशव्या, पायांत झिजल्या चपला, माना ताठ. आणि त्यांच्याही आधी आल्या त्यांच्या सावल्या. लांब, काळ्या, अवाढव्य सावल्या, नव्या फरशीवरून सरकत, पाहुण्यांच्या पायांवरून, गावंडेभाऊंच्या पांढऱ्या सदऱ्यावरून, भिंतीवर उभ्या राहत, कठड्यावर चढत, उंच, आणखी उंच, जिथवर रखवालदाराचा हात पोचत नाही, तिथवर.