दर्शनी भागाचा नियम

इमारतीच्या दर्शनी भागावर खिळासुद्धा ठोकायचा नाही, हा आमच्या सोसायटीचा नियम चिंतामणी प्रधानांनी स्वतः लिहिला. शिवाजी पार्कजवळची आमची तीन मजली पडून चौदा मजली उभी राहिली, प्रधान चेअरमन झाले आणि पहिल्याच वर्षी त्यांनी चौथ्या मजल्यावरच्या कुंड्या आणि नवव्यावरच्या रुचाचा आकाशकंदील उतरवला. कंदील ऐन दिवाळीत उतरवला. नियमाला सण नसतो.

त्यांच्या पत्नीला, बेबीवहिनींना, दम्याचा जुना त्रास. शेजारी आणखी दोन इमारती पाडणं चालू. खिडकी उघडली की सिमेंट घरात, बंद केली की फोडणी घरात. म्हणून त्यांच्या डॉक्टर मुलीने, अनुजाने, घरभर हवा खेळती ठेवणारं यंत्र आणलं. एका पाइपने बाहेरची हवा गाळून खोल्याखोल्यांत सोडायची, दुसऱ्याने कोंदट हवा बाहेर टाकायची. बसवायला आलेला गौतम म्हणाला, हवा पार्काच्या बाजूने घेऊ. पुढच्या भिंतीला वीतभर भोक, वर जाळी.

"मागच्या डक्टमधून घे," प्रधान म्हणाले.

"काका, तिथे चौदा मजल्यांच्या बाथरूमचे पंखे सुटलेत. खाली जनरेटर. गाळणी धूळ अडवते, धूर नाही अडवत."

"नियम आहे."

कमिटीची काहीच हरकत नव्हती. रीतसर अर्ज आला की मंजूर, असं सगळे म्हणत होते. रुचा तर म्हणाली, "काका, खुशाल लावा जाळी, आम्ही वर बघणार नाही." हे त्यांना फार लागलं. जिचा कंदील उतरवला तिच्याकडून सवलत घ्यायची? अर्ज त्यांनी आयुष्यभर स्वीकारले होते, केला एकही नव्हता.

यंत्र डक्टलाच बसलं. अनुजा दोनदा भांडली आणि दोनदा हरली. रोज सकाळी चौदा मजल्यांचं फिनेल आणि साबण गाळणीतून थेट वहिनींच्या उशाशी येऊ लागले. वहिनी मला म्हणाल्या, "कोणाकडे किती वाजता अंघोळ होते, ते मला आता पडल्यापडल्या कळतं." मग त्यांना खोकला आला आणि पुढचं बोलणं राहिलं.

शेवटी अर्ज वहिनींनीच केला. रेघांच्या कागदावर, 'माननीय चेअरमन साहेब यांस' असा मायना घालून, आणि चहाबरोबर नवऱ्याच्या हातात दिला. प्रधानांनी चष्मा लावला, पोहोचल्याचा शिक्का मारला, तारीख घातली आणि शेरा लिहिला: पुढील सभेपुढे ठेवावा.

"बाबा, पुढच्या सभेला एकोणतीस दिवस आहेत," अनुजा म्हणाली.

"मागची कालच झाली, त्याला मी काय करू?"

एकोणिसाव्या दिवशी वहिनींना हॉस्पिटलात हलवलं. तेविसाव्या दिवशी आम्ही सगळे स्मशानातून परतलो.

सभा ठरल्या दिवशी झाली. विषय एक, श्रद्धांजली; आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. विषय दोन, अर्ज. रुचाने मंजुरी सुचवली, आम्ही बसल्याबसल्या हात वर केले. प्रधानांना सेक्रेटरीचं अक्षर पसंत नसल्याने इतिवृत्त तेच लिहायचे. त्यांनी आमचे हात मोजले नाहीत. लिहिलं: अर्जदार हयात नसल्याने विषय निकाली.

"काका," रुचा हळूच म्हणाली, "त्या घरात तुम्ही तर राहता ना?"

प्रधानांनी पेनाचं टोपण लावलं.

"माझा अर्ज नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी विषय तीन घेतला.