बायकांच्या बाजूचा पिक्चर

यात्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये पडदा मधोमध बांधायचे. मशीनच्या बाजूला पुरुष बसायचे आणि पडद्याच्या पाठीमागं बायका. पडद्यावर पाणी मारलेलं असायचं, त्यामुळे चित्र पलीकडंही उमटायचं, पण उलटं. हिरो डाव्या हातानं जेवायचा, सुरुवातीची नावं उलटी दिसायची. बायकांनी कधी तक्रार केली नाही. बायकांना काय, काहीही चालतं, असं तंबूवाल्याला वाटत असणार. आमच्या गावातल्या पुरुषांनाही तसंच वाटायचं.

चौदा वर्षांची होईपर्यंत मी सगळे पिक्चर तसेच पाहिले, आईच्या मांडीला मांडी लावून. माझं नाव झुंबर. माझ्या आईला, रतनबाईला, माझ्याआधी तीन मुलगे झाले आणि तिन्ही सहा महिन्यांच्या आत गेले. चौथ्या खेपेला मी झाले. अंगानं मुलगाच. तेव्हा माझ्या आत्यानं, बायडाबाईनं, अक्कल चालवली. ह्याला मुलगी म्हणून वाढवा, म्हणजे काळाला पत्ता लागणार नाही. नाक टोचा, केस राखा, परकर नेसवा. बारा वर्षं निभली की कानिफनाथाच्या यात्रेत केस द्या आणि मुलगा घरी आणा. आमच्याकडं असं करायचे, कोणाला त्यात नवल वाटायचं नाही.

गावात लपवाछपवी नव्हती. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि तरी सगळे मला झुंबरच म्हणायचे. पंचमीला मी झोके घेतले, फुगड्या घातल्या, आईबरोबर आडावर गेले, भाकरी थापायला शिकले. भाकरी अशी टम्म फुगायची की आत्या शेजारणींना बोलावून दाखवायची. पुढं केस द्यायचेत हे मलाही माहीत होतं. पण मला वाटायचं, नुसते केसच द्यायचेत. बाकी सगळं माझंच राहणार आहे. लोक मला अजून सांगतात, अडाणी होते बिचारे, जिवाच्या भीतीनं केलं. बिचारे म्हणे! रोज सकाळी माझी वेणी घालताना आईला एकदाही वाटलं नाही का, की ही पोर आपण खरीच वाढवतोय?

बाराव्या वर्षी आबा, म्हणजे माझे वडील, आजारी पडले, तेराव्याला घरात सुतक आलं, म्हणून नवस पुढं गेला. त्या दोन वर्षांत माझा आवाज फाटला. ओठावर लव आली, ती मी चुलीतली राख लावून उपटायची. खांदे रुंद व्हायला लागले, पोलकं काखेत उसवायला लागलं. रोज उठल्यावर वाटायचं, झोपेत कोणीतरी बाप्या येतो आणि माझ्या अंगात थोडा थोडा शिरून जातो. एकदा आईला हे सांगितलं तर ती हसली. "आता थोडंच दिस राह्यलं," म्हणाली. तिला वाटलं, मी सुटायची वाट बघतेय.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली यात्रेत नवस फेडला. सकाळी न्हाव्यानं डोक्याचा चकोट केला आणि नाकातली तार काढली. आत्यानं माझं परकर-पोलकं गाठोड्यात कोंबलं आणि पायजमा, सदरा, टोपी पुढं केली. आबा, म्हणजे पुंजाराम, एरवी दिवसातून चार शब्द बोलायचे. त्या दिवशी दिसेल त्याच्या हातावर रेवड्या ठेवत होते. "ह्यो आमचा कानिफनाथ!" मला वाटलं, माझ्यामागं कोणी उभं आहे आणि त्याची ओळख चाललीय. मी तेव्हा आरडाओरडा करायला हवा होता. केला नाही. त्याचा राग मला इतर सगळ्यांच्या रागाहून जास्त येतो.

संध्याकाळी पहिल्या खेळाला सगळे तंबूकडं निघालो. मी सवयीनं आईमागोमाग बायकांच्या दाराकडं वळले. आबांनी दंड धरला.

"आता हिकडं. बाप्यांत बसायचं."

आईनं मागं वळूनही पाहिलं नाही.

पिक्चर भुताचा होता. एका जमीनदाराचा मुलगा, वयानं माझ्याएवढा. त्याला मिसरूड फुटतं आणि त्याच दिवसापासून आरशात त्याच्या जागी एक मुलगी दिसायला लागते. जेवायला बसला की तोंडातून केस येतात. तो केस ओढतो तर वेणी बाहेर येते, ती संपतच नाही, ताटावरून, जिन्यावरून, अंगणातून विहिरीत उतरते. तो पलंगावर झोपलेला असतो आणि त्याची सावली घागरा नेसून भिंतीवर फिरते. एक दार उघडतो तर खोलीत छातीएवढं पाणी, पाण्यात त्याचेच सदरे तरंगतायत आणि प्रत्येक सदऱ्यात कोणीतरी हात हलवतंय.

भोवतीचे पुरुष घाबरतही होते आणि शिट्ट्याही मारत होते. मला भीती वाटली नाही. माझं भूत उलटं होतं. त्या पोराला वाटत होतं आपल्यात बाई शिरली, आणि माझ्यात रोज बाप्या शिरत होता. आरशात ती मुलगी आली की मला बरं वाटायचं. ती कोणाला काही करत नव्हती. नुसती बघायची आणि काहीतरी बोलायला तोंड उघडायची, की घरातले आरशावर चादर टाकायचे. तुला काय पाहिजे गं, असं त्या एवढ्या मोठ्या हवेलीत तिला एकानंही विचारलं नाही.

मग मांत्रिक आला. मुलाला खांबाला बांधलं, मंत्र म्हणून त्याच्या अंगातून ती मुलगी ओढून काढली आणि अंगणात पेटवली. तंबूत टाळ्यांचा कडकडाट झाला. टोप्या उडाल्या. मी आबांकडं पाहिलं. ते गुडघ्यावर उठून टाळ्या वाजवत होते.

"जाळ रांडंला!" ते ओरडले, आणि हसून माझ्या पाठीवर थाप मारली.

माझ्या पाठीवर! ज्या माणसानं सकाळी माझी वेणी देवापुढं ठेवली, तो संध्याकाळी मला शेजारी बसवून मलाच जाळायला सांगत होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मी टोपी तिथंच टाकली आणि उठले. मशीनच्या उजेडातूनच चालत गेले. जळणाऱ्या मुलीवर माझी सावली पडली, चकोट डोकं, बाहेर आलेले कान. "खाली बस की भाड्या!" असा गलका झाला. मी पडद्याची कड उचलली आणि पलीकडं गेले.

मला वाटलं होतं, मी घरी आले. पुढच्याच दोन पोरी किंचाळल्या.

"बाई गं, बाप्या शिरला!"

पोरं छातीशी धरून बायका मागं सरकल्या. आमच्या गावच्याही सात-आठ जणी होत्या तिथं. त्यांनी मला फुगड्या घालताना पाहिलं होतं, माझ्या हातची भाकरी खाल्ली होती. त्या खाली मान घालून बसल्या. बायकांच्या बाजूला राखणीसाठी तंबूवाल्यानं छबूबाई नावाची एक धिप्पाड बाई ठेवली होती. ती काठी घेऊन आली.

"कुनाचा रं तू? हिकडं काय काम?"

"मी झुंबर," मी म्हणाले. "ती बगा माझी आई."

माझा तो फाटका आवाज ऐकून कोणीतरी खुदकन हसलं. तेवढ्यात आबा पडद्याखालून डोकं घालायला लागले. छबूबाईनं त्यांच्या पुढ्यात काठी आपटली.

"बाप्यांनी हिकडं यायचं न्हाई!"

आणि पुंजाराम थांबला. बापाच्या हक्कानं माझं रूप, नाव, कपडे बदलणारा माणूस एका ओल्या कापडाच्या कडेशी थांबला. म्हणजे आता त्यांचं काही चालणार नव्हतं. आता सगळं आईच्या हातात होतं.

छबूबाई तिच्याकडं वळली. "बाई, तू खरं सांग. पोरगी हाय का पोरगा? पोरगी आसंल तर बसू दे बापडी, डोकं काडलं, सदरा घातला म्हनून काय झालं. पोरगा आसंल तर भाईर घालवते."

एका शब्दाचा प्रश्न होता. ज्या बाईनं चौदा वर्षं प्रत्यक्ष काळाला सांगितलं की ही पोरगी आहे, तिला तेच एका परक्या बाईला सांगायचं होतं. आणि आता तर ते खोटंही राहिलं नव्हतं. मी तिच्यासमोर उभी होते. मी डोळ्यांनी विनवलं. आई, म्हण. एकदाच म्हण.

आईनं पदर कपाळावर ओढला.

"पोरगा हाय," ती म्हणाली. मग घाईघाईनं, कोणी हिसकावून घेईल अशा भीतीनं, पुन्हा म्हणाली, "पोरगाच हाय वो माझा. तीन गेलं. ह्यो येकच राह्यलाय."

"मंग आता चार गेलं म्हन," मी म्हणाले.

तिनं पटकन वर पाहिलं. छबूबाईला मला ढकलावं लागलं नाही. मी माझी चालत गेले, बायकांच्या दारानं.

त्यानंतर मी घरी गेले नाही. राहाता गावात फिलोमिना नावाच्या शिंपीणबाईनं मला कामाला घेतलं. तिनं नाव विचारलं, मी झुंबर म्हणाले, तिनं पुढं काही विचारलं नाही. जगात असं करता येतं, एवढं मला तिच्याकडं कळलं. आज दुकान माझं आहे. लोक म्हणतात, झालं गेलं विसर, आईवर काय राग धरायचा, तिनं तुझा जीव वाचवला. कोणाचा वाचवला? आणि कोणाचा जीव देऊन?

त्या संध्याकाळी मी बायकांच्या दाराबाहेर खुंटाला धरून उभी राहिले होते. रागानं बोलले खरी, पण वाटत होतं, आता ती माझ्यामागं येईल. तंबूच्या कनातीला फट होती, तिच्यातून आई दिसत होती. गावातल्या बायका तिच्याकडं चोरून बघत होत्या. उठली असती तर त्यांना बोलायला विषय मिळाला असता. मी वाट बघत राहिले. आई पदर सावरून नीट बसली आणि पिक्चर संपेपर्यंत बघत राहिली.