डावा कोपरा

"भाविक राहील, काका. दुसरा नाव बोल."

कुणालशेठने कागद हिरामणपुढे सरकवला आणि वाटीतले पिस्ते सोलायला घेतले. वडप्याच्या गोडाऊनच्या माडीवरची ही काचेची खोली इतकी गार असायची, की हिरामण आत शिरताना शर्टाचं वरचं बटण लावून घ्यायचा. कागदावर तेरा नावं होती आणि जागा बारा.

बापजाद्यांच्या भातशेतीवर गोडाऊनं उभी राहिली, महिन्याच्या महिन्याला भाडी येऊ लागली, तेव्हा कुणालशेठने कबड्डीचा पगारी संघ काढला. पोरांची नावं गोडाऊनच्या हजेरीपटावर लागायची आणि ती सकाळ-संध्याकाळ शेलार गावच्या मैदानावर घाम गाळायची. हिरामण एके काळचा चांगला चढाईपटू. आता गोडाऊनमध्ये कारकून आणि संघाचा सगळा कारभारीही तोच. कुणाला घ्यायचं, कुणाला किती द्यायचं, हे तो सुचवायचा आणि शेठ ठरवायचा. महिन्याला पन्नास हजारांवर एक रुपया चढवायचा नाही, एवढीच अट. यंदा सांगलीकडचा एक चढाईपटू यायला तयार झाला होता, पण त्याला बारा हजार हवे होते. म्हणून एक नाव खोडायचं होतं.

हिरामणने रात्रभर विचार करून भाविकचं नाव पुढे केलं होतं. भाविक म्हणजे शेठचा मेहुणा. पगार सहा हजार. दोन वर्षांत तो राखीव खेळाडूंच्या बाकावरून उठला तो फोटोपुरता.

"मंग किशनला काढ," शेठ म्हणाला.

किशन वज्रेश्वरीच्या पलीकडच्या पाड्यावरचा. डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा. समोरच्या गड्याचा पाय रेषेच्या आत पडला, की त्याचा घोटा किशनच्या हातात गेलाच म्हणून समजा. गेल्या साली अंतिम सामन्यात शेवटची पकड करताना गुडघा मुरगळला. ती पकड सुटली असती तर माडीवरच्या कपाटातला तो हातभर उंचीचा चषक दुसऱ्याच्या घरी गेला असता. किशनला पगार चार हजार.

हिरामणने समजावून पाहिलं. डॉक्टरने खेळायला हरकत नाही म्हटलंय. गेल्या आठवड्यात आपण स्वतः मैदानात उतरून पाहिलं, पाचातल्या तीन पकडी त्याने केल्या. बरं, भाविकला कमी केलं तर दोन हजार जास्तच वाचतात.

शेठने पिस्त्याचं टरफल टेबलावर टाकलं. "काका, तू लय भोला हायस. ट्रकचा टायर घासला तं आपण त्याची पूजा करतो का? बदलतो. आनि भाविक गेला तं माज्या घरात जेवन कोन वाढील, तू?"

तो स्वतःच हसला. हिरामणला त्या टरफलांकडे बघवेना. त्यांतली काही चघळून ओली झालेली होती. पाण्याचा ग्लास समोर होता, पण उचलावासा वाटला नाही.

संघाची एक रीत होती. हंगाम सुरू होण्याआधी बारा जर्श्या वज्रेश्वरी देवीच्या पायांशी ठेवायच्या. ज्याची जर्सी देवीपुढे गेली, तो वर्षभर संघात आणि त्याचा पगार सुरू. त्यावर ना कागद ना सही, पण ती रीत शेठच्या वडलांनी घातलेली आणि गावाला ठाऊक. जर्श्या नेण्याचं काम हिरामणचं. मंगळवारी सकाळी तो गठडं काखेत मारून भिवंडीहून एसटीने निघाला, तेव्हा भाविकची जर्सी घरी खुंटीवर होती आणि गठड्यात किशनची होती. हिरामणची बायको पार्वती दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "देवीला खोटं न्हाय सांगत, मंग भ्यायचं कशाला?"

शेठ गाडीने मागाहून आला. तोवर पुजाऱ्याने बाराही जर्श्यांच्या गळ्यांना कुंकू लावलं होतं. शेठने हात जोडले, डोळे उघडले आणि ओळीतला चार नंबर त्याला दिसला. चार नंबर किशनचा. शेठने ताटात पाचशेची नोट टाकली, प्रदक्षिणा घातली, हिरामणच्या हातावर तीर्थही पडू दिलं. हिरामणला वाटलं, देवीपुढं झालं म्हणजे झालं. कृतज्ञतेने त्याचे डोळे भरून आले. त्याची चूक झाली ती इथे.

गाडीत बसताना शेठने काच खाली केली.

"जर्सी देवीनं दिली काका, आपला ना न्हाय. उभा कुठं करायचा, ते तं मीच सांगनार ना?"

बुधवारपासून किशन गोडाऊनच्या फाटकावर उभा राहिला. निळी-पिवळी जर्सी घालूनच. तसा शेठचा हुकूम होता. पगार पूर्ण चार हजार, ड्युटी बारा तास, सरावाला सुट्टी नाही. डाव्या कोपऱ्यात भाविक उभा राहू लागला. त्याला खुंटीवर राहिलेली तेरावी जर्सी मिळाली आणि पगार दुसऱ्या खात्यातून. हिरामण माडीवर गेला, तेव्हा शेठने त्याला बसायलाही सांगितलं नाही. देवीच्या शब्दाबाहेर मी काय केलं ते दाखव, एवढंच म्हणाला. आणि दाखवण्यासारखं काही नव्हतं.  हिरामणने नेऊन ठेवलेल्या जर्सीवरच्या कुंकवानेच किशनला त्या फाटकाशी बांधलं होतं.

तो किशनकडे गेला. माझ्यामुळे झालं म्हणाला.

"तू कशाला मनाला लावून घेतस, दादा," किशन म्हणाला. "पगार चालू हाय. बुधीला सांगलंय, यंदा उशिरा खेलनार." बुधी त्याची बायको. दर शनिवारी ती पाड्यावरून विचारायला यायची, सामना कधी आहे म्हणून.

पुढच्याच महिन्यात गावात हरिनाम सप्ताह होता. हिरामण अठरा वर्षं बुवांच्या मागे टाळ घेऊन उभा राहत आलेला. वर्षाचा सगळा शीण त्या सात दिवसांत उतरायचा. शेवटच्या सकाळी काल्याचं कीर्तन रंगलं. यंदाचे बुवा म्हातारे, पण आवाज असा की मंडपाच्या शेवटच्या बाईलाही आपल्याशीच बोलताहेत असं वाटावं. यमुनाकाठी सगळ्या सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कुणाची लोण्याची, कुणाची नुसत्या शिळ्या भाकरीची, आणि देवाने आधी शिळी भाकरी उचलली, हे ते सांगत होते. हिरामणच्या हातातले टाळ आपोआप वाजत होते.

तेवढ्यात खालून एक चिठ्ठी वर गेली. बुवांनी चष्मा सावरून ती वाचली. महाप्रसादाचे दाते श्रीयुत कुणालशेठ यांनी एका पंगू झालेल्या गरीब आदिवासी खेळाडूला आयुष्याची भाकर दिली, घरी बसवून न ठेवता मानाने कामावर ठेवलं. असा दाता गावाला लाभला. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत शेठ मान झुकवून उभा राहिला. शेजारी भाविक जर्सी घालून बसला होता, आणि शेठबरोबर त्याच्या गळ्यातही हार पडला.

बुवांना काय माहीत? त्यांच्यावर हिरामणचा राग नव्हता. पण गोड घास तोंडात असताना त्यात माशी लागावी, तसं त्याला झालं. थुंकायची सोय नाही आणि गिळवत नाही. त्याने टाळ बुवांच्या पायांशी ठेवले, वाकून नमस्कार केला आणि काला न घेता मंडपाबाहेर पडला. कुणीतरी मागून हाक मारली. त्याने वळून पाहिलं नाही.

हमरस्त्यावरून चालत तो फाटकापाशी आला, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. किशन लोखंडी स्टुलावर बसून गुडघा चोळत होता. हिरामण शेजारच्या विटांवर टेकला.

"काला घेतलास का, दादा?"

"न्हाय."

किशनने डबा उघडला, नाचणीची भाकरी मोडली आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवली. हिरामणने पहिला घास घेतला तेवढ्यात कापडाच्या गाठींनी भरलेला ट्रक फाटकाशी येऊन थांबला. ड्रायव्हरने वरून खाली वाकून पाहिलं.

"उस्ताद, कबड्डी खेलते हो क्या?"

"हां," किशन म्हणाला. "लेफ्ट कॉर्नर."

तो उठला. फाटकाचा आडवा दांडा जड होता, गंजलेला. हिरामण मदतीला अर्धा उठला, पण किशनने त्याच्याकडे बघितलं आणि तो पुन्हा खाली बसला. किशनने डावा पाय मागे रोवला, दुखऱ्या गुडघ्यावर भार घेतला आणि दांडा रेटून सरळ उभा धरला. ट्रक लांब होता, सावकाश आत जात होता. शेवटचं चाक पार होईपर्यंत त्याने दांडा खाली येऊ दिला नाही.