भिंतीतून प्रश्न

दिवाळी झाली आणि आमचे हे पाठीकडून भिंतीत जायला लागले. बाहेरच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला लागून त्यांची खुर्ची असते. सुरुवातीला सदऱ्याला चुना लागायचा, तो मी झटकून टाकायची. मग एकदा सकाळी चहाला हाक मारली तर म्हणाले, "उठता येत नाही गं." मी खुर्ची पुढे ओढली. खुर्ची आली, हे आले नाहीत. पाठ बोटभर भिंतीत रुतली होती.

डॉक्टर घरी येऊन पाहून गेले. नाडी बघितली, भिंतीवर बोटानं टकटक केलं.

"जेवतात ना?"

"जेवतात."

"दुखत नाही ना काही?"

"नाही म्हणतात."

"मग ठीक आहे. या वयात जातात माणसं भिंतीत," डॉक्टर म्हणाले. "ओल येऊ देऊ नका."

मी त्यांच्या पाठीशी उशी ठेवायला गेले, पण उशीला जागाच नव्हती.

आमचे हे म्हणजे अनंत गुळवणी, पाटबंधारे खात्यात होते. या माणसाइतके प्रश्न सांगलीत कुणी विचारले नसतील. एसटीत शेजारच्या माणसाला गाव, पीक, विहीर सगळं विचारून व्हायचं, तोवर आमचं उतरायचं ठिकाण मागे पडलेलं असायचं. मला बघायला आले तेव्हा सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या विहिरीला पाणी किती हातांवर आहे?" मला सांगता आलं नाही. ते गेल्यावर मी दोर सोडून मोजलं आणि लग्न ठरेपर्यंत तो आकडा जपून ठेवला.

निवृत्तीनंतर काही वर्षं बरी गेली. मग कशालाही "आता काय करायचंय समजून?" म्हणायला लागले. हा प्रश्न असला तरी त्याला उत्तर नको असायचं. खुर्ची भिंतीला टेकली ती तेव्हा.

संक्रांतीच्या सुमारास गॅलरीच्या कठड्यावर तुरा असलेला एक पक्षी येऊन बसला. मी आतून ओरडले, "अहो, हा बघा कसला पक्षी! पंख्यासारखा तुरा उघडतोय."

"मिटतो का तो परत?" ह्यांनी विचारलं.

ओलं फडकं ओट्यावरून सोलून काढावं तसा आवाज झाला. मी वळून पाहिलं. त्यांची पाठ बोटभर पुढे आली होती आणि खाली फरशीवर थोडी पांढरी भुकटी पडली होती.

तेव्हा मला कळलं. ह्यांना काहीतरी विचारावंसं वाटलं पाहिजे.

दुसऱ्या दिवसापासून मी बाहेर पडले. वयाची सत्तरी ओलांडली होती, पण कृष्णेच्या घाटावर पक्षी बघणाऱ्यांच्या टोळक्यात जाऊन उभी राहिले. त्यांनी दुर्बीण दिली. खंड्या पाण्यात सूर मारताना डोळे मिटतो का, यावर तिथे भांडणं होत. मी ते भांडण जसंच्या तसं घरी आणलं. तळमजल्यावरच्या शांतव्वांकडून कन्नड शिकायला घेतलं. मग पोहण्याच्या तलावावर नाव घातलं. जन्मात गुडघ्यावर पाणी पाहिलेलं नव्हतं. शिकवणारी मुलगी म्हणाली, "आजी, अंग सैल सोडा, पाणी धरतं आपल्याला." मी सैल सोडलं. पाण्यानं धरलं. मी आभाळाकडे बघत पडून राहिले आणि इतकं हलकं वाटलं की रडू आलं. पाण्यात ते कुणाला दिसलं नाही.

घरी येऊन ओल्या केसांनी मी ह्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसायची. "पाण्यात कानाला कसं वाटतं?" ते विचारायचे. "कन्नडमध्ये भिंतीला काय म्हणतात?" प्रत्येक प्रश्नाला थोडे थोडे बाहेर येत. एकदा खांदे सुटले, तेव्हा मी त्यांची पाठ गरम पाण्यानं पुसून काढली. पाठीवर विटांच्या रेघा उमटल्या होत्या.

"झोंबतंय का हो?"

"नाही. बरं वाटतंय. अजून काय बघितलंस?"

उन्हाळा लागला आणि प्रश्न आखूड व्हायला लागले. मी बगळ्यांची पिल्लं सांगितली तर नुसतं "कुठे?" म्हणाले. शांतव्वांचं गाणं म्हणून दाखवलं तर "हं?" एवढंच. भिंतीनं तो "हं" सुद्धा प्रश्न म्हणून धरला, पण हे नखाएवढेच बाहेर आले. मग तेही थांबलं. मी आणखी शिकत गेले, बासरी शिकले, मातीची भांडी शिकले, आणि संध्याकाळी समोर बसून सगळं सांगत राहिले. ते माझ्याकडे बघत राहत. कान आत गेले. मी मोठ्यानं बोलायला लागले.

गवंडी बोलावला. त्यानं हातोडी काढली, बराच वेळ नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "बाई, भिंत कुठं संपते आणि साहेब कुठून सुरू होतात, तेवढं खडूनं आखून द्या." मी खडू हातात घेतला, पण मला आखता आलं नाही. पैसे न घेताच तो गेला.

एका सकाळी मी भात भरवत होते. भिंतीबाहेर आता फक्त चेहरा आणि हाताचे पंजे उरले होते. ह्यांनी घास गिळला, मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

पलिस्तर धाडकन पडलं. हे छातीपर्यंत बाहेर आले. इतक्या महिन्यांत एवढे कधीच आले नव्हते.

"अहो, मी प्रमिला!" मी त्यांना मिठी मारली.

"असं होय," ते म्हणाले, आणि माझ्या मिठीतच परत मागे सरकायला लागले. माझे हात भिंतीला लागले तेव्हा मी सोडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, "तुम्ही कोण?"

मी मंगळसूत्र पदराआड घेतलं. "पाहुणी आहे," म्हणाले.

"कुठून आलात?"

"नदीकडून."

"नदीला पाणी आहे का? पक्षी दिसले का? पोहता येतं का तुम्हाला? या वयात शिकलात? भीती नाही वाटली?"

ते बाहेर येत होते. मी एकेक गोष्ट सांगत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर त्यांचे खांदे, कोपर, कंबर सुटत होती. लग्नात चमकत होते तसे त्यांचे डोळे चमकत होते. मला ते अहोजाहो करत होते.

मुलीचा बेंगळुरूहून फोन आला. "आई, बाबांना सांग ना तू कोण आहेस ते!"

"सांगितलं की आत जातात गं."

"मग तू रोज परकी होऊन बसणार?"

"पाठ सुटलीय त्यांची," मी म्हणाले.

मी रोज नवी पाहुणी व्हायचे. तलावाला जाणं सोडलं नाही, कारण पाहुणीकडे सांगायला काहीतरी हवं. शेवटी आषाढात एका दुपारी त्यांच्या टाचा सुटल्या. हे उभे राहिले. अंगावरची भुकटी झटकून परक्या घरात बसावं तसे समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसले. मी चहा दिला. त्यांनी "कशाला त्रास घेतलात?" म्हणून कप दोन्ही हातांत धरला.

"घरात कोण कोण असतं?"

"मी एकटीच," मी म्हणाले.

"आणि यजमान?"

मी मंगळसूत्रावरचा पदर सारखा केला. त्यांनीच इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांची नजर पूर्वेच्या भिंतीवर थांबली. तिथे बसलेल्या माणसाचा खळगा होता. डोक्याचा, खांद्यांचा, गुडघ्यांचा, बोटांचासुद्धा.

"इथं कोण होतं?"

"माझे यजमान."

"कसे होते?"

"चांगले होते," मी म्हणाले. "फार चांगले होते."

ते उठले, खळग्यापाशी गेले. आत हात घालून चाचपलं. बोटं बोटांच्या जागी बसली. ते खूश होऊन माझ्याकडे वळले, खळग्याकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "बसून बघू का?"