पायंडा

सकाळी अकराला सरकारविरुद्धचा अविश्वासाचा ठराव सात मतांनी मंजूर झाला आणि तीन वाजले तरी पंतप्रधानांचा राजीनामा काही आला नाही. हरलेल्याने दुपारच्या आत सचिवांच्या खोलीत येऊन राजीनामा टेबलावर ठेवायचा, ही त्या देशाची रीत. देशाला लिखित राज्यघटना नव्हती. होते ते असले संकेत, आणि माणसांची लाज. सभागृहाचे सचिव आबा एकतीस वर्षं त्या लाजेच्या भरवशावर निर्धास्त होते.

अखेर पंतप्रधान आले, पण हात हलवत.

"आबा, उद्याची कामकाजपत्रिका काढा. आमचं विधेयक पहिलं."

"साहेब, पण तुम्ही हरलात."

"मग? जायलाच हवं असं कुठं लिहिलंय? दाखवा, आत्ता जातो."

आबांच्या तोंडचं पाणी पळालं. दहा वर्षांपूर्वी एका समितीने हे सगळे संकेत कलमांत बांधून आणले होते. तेव्हा आबांनीच नाक मुरडलं होतं. 'लिहून ठेवणे म्हणजे आपल्याच माणसांवर अविश्वास दाखवणे', असा झोकदार शेरा मारून त्यांनी मसुदा परत पाठवला होता. काय तो तोरा!

पंतप्रधान पत्रिकेची वाट बघत बाहेर जाऊन बसल्यावर आबांनी ताईला फोन लावला. ती लग्न होऊन शेजारच्या देशात गेलेली, तिथल्या वरिष्ठ कोर्टात अनुवादक होती.

"ताई, तुमच्याकडे असं झालं तर गं?"

"झालं की मागच्या साली! आमच्या घटनेत कलम आहे, दोन दिवसांत पायउतार व्हायचं. आमचा पंतप्रधान हलेना. कलमच बदलायला निघाला, पण त्याला दोन तृतीयांश मतं लागतात, ती जमली नाहीत. शेवटी कोर्टाने घालवला. आठ महिने लागले बघ."

"आठ महिने!"

"अरे, पण बोट ठेवायला जागा तरी होती. तुझ्याकडे काय आहे?"

आबांकडे पायंड्यांची वही होती. पहिल्यांदा जे घडेल ते सचिवाने तीत नोंदवायचं, पुढच्यांनी त्यावरून चालायचं. पत्रिकेला नाही म्हणावं तर उपसचिव तिच्यावर सही करायला टपलेलेच होते. आबांनी वही उघडून लिहिलं: 'अविश्वासाचा ठराव मंजूर होऊनही पंतप्रधान पदावर राहिले.' 'हे चूक आहे' असंही लिहायचं होतं, पण वहीत मताला रकाना नव्हता. त्यांना रडू आलं. पंतप्रधान आत आले आणि पत्रिकेवर सही घेऊन निघून गेले.

तेवढ्यात विरोधी पक्षनेत्या तणतणत आत शिरल्या. आबांना हायसं वाटलं. आता या आकाशपाताळ एक करतील, निदान वही तरी भिरकावतील!

बाईंनी नोंद वाचली. पुन्हा वाचली. हळूहळू त्यांचा राग निवळला आणि त्या खुर्ची ओढून बसल्या.

"आबा, याची एक शिक्क्याची नक्कल द्या," त्या म्हणाल्या. "आज ना उद्या आम्हीही त्या खुर्चीवर बसणारच आहोत."