डिस्क दिसत नाही

भाग्यश्री निकम शिकवणीच्या क्लासेसना प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायची. आधी नाशिकच्या रविवार कारंज्याजवळच्या एका छापखान्यात बसून करायची. छापखाना बंद झाला तेव्हा मालकाने तिचा कॉम्प्युटर तिलाच देऊन टाकला आणि ती उंटवाडीतल्या आपल्या फ्लॅटमधून काम करू लागली. लग्न मोडल्यावर तिने हे घर घेतलं होतं. क्लासवाले हाताने लिहिलेल्या पानांचे फोटो मोबाइलवर पाठवत, ती टाइप करून परत पाठवी. छापखान्यात मशीनच्या आवाजावर आवाज काढून बोलावं लागायचं, जेवायच्या वेळी डबे इकडून तिकडे सरकायचे. इथे सकाळी दूधवाल्याशी बोलून झालं की संध्याकाळपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघत नसे. एकदा कुरिअरवाल्याला नाव सांगताना आवाज इतका घोगरा निघाला की तिचं तीच दचकली.

कॉम्प्युटर जुना झाला होता. बटण दाबून ती चहा टाकायची, चहा पिऊन व्हायचा तरी पडद्यावर गोल फिरतच असायचा. एका क्लासच्या सरांनी सुचवलं की त्यात एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क टाका, नवा घ्यायची गरज नाही. तिने ती मागवली. पुठ्ठ्याच्या खोक्यातून तळहातात मावणारी, पत्त्यांच्या कॅटएवढी चपटी वस्तू निघाली. मराठीतला एक व्हिडिओ लावून तिने कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, धूळ पुसली आणि जुन्या हार्ड डिस्कशेजारी नवी बसवली. दोन्ही वायरी जोडल्या. कॉम्प्युटर सुरू झाला, पण नवी डिस्क कुठे दिसेना.

तिने व्हिडिओखाली लिहिलं, नवी डिस्क दिसत नाही, काय करावं? व्हिडिओवाल्याने उत्तर दिलं नाही. दुसऱ्याच एका बघणाऱ्याने दिलं. मनोज नावाच्या त्या माणसाने लिहिलं होतं की डिस्क कोरी असली की अशीच लपून राहते, डिस्क मॅनेजमेंट उघडा, तिथे सापडेल. ती सापडली. मग त्याने विचारलं, जुन्या डिस्कवरचं विंडोज नवीवर टाकणार आहात ना? नाहीतर वेग वाढणार नाही. लिहून सांगणं लांबतंय म्हणून त्याने आपला नंबर दिला. तोही नाशिकमध्येच होता, अंबडच्या एका कंपनीत.

तिने बराच विचार करून फोन लावला. पलीकडचा आवाज शांत होता. तो तिला ताई म्हणाला, आणि बोलता बोलता ती त्याला मनोजभाऊ म्हणू लागली.

काम चार-पाच संध्याकाळी चाललं. पहिल्या दिवशी त्याने विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह तयार करून घेतला. दुसऱ्या दिवशी जुन्या डिस्कची वायर काढून ठेवायला लावली, म्हणजे विंडोज टाकताना चुकून तीच पुसली जायला नको. मग नव्या डिस्कवर विंडोज चढलं, जुनी परत जोडली, कॉम्प्युटरने आधी कोणती उघडायची ते ठरवून दिलं. विंडोज नवीवर, प्रश्नपत्रिका सगळ्या जुनीवर. मराठी टायपिंगचे फॉन्ट नव्याने टाकावे लागले, त्यात एक संध्याकाळ गेली. पडद्यावर टक्के सरकत असत तेवढ्या वेळात तो स्वतःबद्दल सांगायचा. गाव पेठच्या पुढे, डोंगरात. बायको सविता आणि मुलगी तिकडेच, आईजवळ. तो इथे खोली घेऊन राहत होता, सुट्टीला गावी जायचा. बोलताना त्याच्याकडे कुकरची शिट्टी व्हायची, भांडं आपटायचं. भाग्यश्री त्या वेळेआधीच जेवण उरकून बसायची.

शेवटच्या संध्याकाळी तो म्हणाला, झालं ताई, आता काही अडलं तरच सांगा.

दुसऱ्या दिवशी तिने बटण दाबलं आणि चहाचं पाणी ठेवायच्या आत कॉम्प्युटर उघडून तयार होता. काहीच अडलं नाही. त्या संध्याकाळी फोन वाजला नाही, त्यानंतरच्याही नाही. आठवड्याच्या अखेरीस तिने त्याला मेसेज केला, जुनी डिस्क दिसत नाही.

त्याचा लगेच फोन आला. वायर नीट बसली आहे का, त्याने विचारलं. ती हो म्हणाली. आतून टकटक असा आवाज येतो का? एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं, पण तिला ते बोलणं संपू द्यायचं नव्हतं. ती म्हणाली, येतो कधी कधी.

त्याचा आवाज बदलला. "ताई, कॉम्प्युटर बंद करा. आता अजिबात चालू करू नका. तुमचं सगळं काम आहे त्यात. मी रविवारी येतो."

तिने नको नको म्हटलं, पण फार जोरात नाही.

रविवारी सकाळी तिने घर आवरलं, शिरा केला, आणि दुपारी तो यायच्या थोडं आधी कॉम्प्युटरचं झाकण उघडून जुन्या डिस्कची वायर उपसून ठेवली. मनोज आवाजावरून वाटला होता त्यापेक्षा तरुण निघाला. त्याने पाठीवरच्या बॅगेतून एक बाहेरून जोडायची डिस्क काढली, कंपनीतल्या मित्राकडून मागून आणलेली. झाकण उघडताच त्याला सुटलेली वायर दिसली. त्याने ती जोडली, डिस्क दिसू लागली. तो कान लावून ऐकत बसला. आवाज आला नाही.

पण त्या आवाजाचा भरवसा नाही, असं म्हणून त्याने तिची सगळी कामं मित्राच्या डिस्कवर उतरवायला लावली. बरीच वर्षं होती त्यात, वेळ लागणार होता. भाग्यश्री शिरा गरम करायला आत गेली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो बायकोशी गावच्या बोलीत बोलत होता. तिला सगळं समजलं नाही, पण पोरगी सकाळपासून रस्त्यावर जाऊन बसली आहे आणि आज बाबा येत नाहीत हे तिला कोणी सांगायचं, यावर ते बोलत होते, एवढं समजलं. एका ताईंची डिस्क गेली आहे, असं तो सांगत होता.

तिने गॅस बंद केला. शिऱ्याची ताटली न घेताच ती बाहेर आली.

"मनोजभाऊ, आवाज येत नव्हता. वायर मीच काढली."

त्याने आधी वायरीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"का?"

"तुमचा फोन येईनासा झाला म्हणून."

पडद्यावरची हिरवी पट्टी अर्ध्यापर्यंत आली होती. त्याने मोबाइलवर वेळ पाहिली, बॅग उचलली. आता निघालो तर पेठ नाक्यावरून जीप मिळेल, असं तो जणू स्वतःलाच म्हणाला. दारात बूट घालताना वर न बघता म्हणाला, "ते पूर्ण होऊ द्या. मध्येच काढू नका."

तो गेल्यावर ती पट्टी भरेपर्यंत खुर्चीवर बसून राहिली. शिरा तिला खाववला नाही.

मित्राची डिस्क तिच्याकडेच राहिली होती. बुधवारी त्याचा मेसेज आला की कामावर जाता जाता घेतो, खाली आणून द्याल का. ती आधीच फाटकाशी जाऊन उभी राहिली. त्याने गाडी बंद केली नाही, हेल्मेटही काढलं नाही. डिस्क घेऊन बॅगेत टाकली.

"कॉम्प्युटर ठीक चाललाय ना?"

"ठीक आहे," ती म्हणाली. मग धीर करून विचारलं, "पोरगी भेटली का?"

त्याने गाडी बंद केली. रविवारी पोचेपर्यंत अंधार पडला होता, त्याने सांगितलं, ती आजीच्या मांडीवर झोपून गेली होती. सकाळी उठल्यावर तासभर बोललीच नाही त्याच्याशी, मग सगळं एकदम बोलली. सांगताना हेल्मेटच्या आत तो हसला असावा.

भाग्यश्री म्हणाली, "माझ्यामुळे झालं."

"असू द्या, ताई," तो म्हणाला. त्याने किक मारली आणि सिटी सेंटर मॉलच्या दिशेने निघून गेला. रस्त्यावर गाड्यांची गर्दी होती. ती सगळी तिच्यासमोरून कामाला चालली होती.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही आणि तिनेही केला नाही. दिवाळीला त्याचा एक मेसेज आला, पणत्यांच्या चित्राचा, सगळ्यांना पाठवतात तसा. तिने शुभेच्छा लिहिल्या, खाली मुलीची चौकशी केली. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. थोडा वेळ तिने वाट पाहिली, मग सुट्टीनंतरच्या परीक्षेचा गणिताचा पेपर उघडून ती कामाला बसली.