शुभाला पोचवायला

अंधेरीच्या बालगृहातली शुभा जानकीशिवाय कुणाच्या हातून दूध प्यायची नाही. दुसऱ्या कुणी बाटली लावली की तोंड फिरवायची. म्हणून स्टॉकहोमच्या एका जोडप्याने तिला दत्तक घेतलं, तेव्हा संस्थेच्या मृणालिनीताईंनी सोबतीला जायला आया जानकीचाच पासपोर्ट काढला. १९८४ सालची गोष्ट. घाटकोपरच्या जानकीने तोवर विमान पाहिलं होतं ते डोक्यावरून जाताना.

"लांब असंल ना ताई?"

"फ्रँकफर्टमार्गे आठेक हजार किलोमीटर."

"किलोमीटर राहू द्या, तास सांगा. पोरीचं दूध तासांवर असतं."

"फ्रँकफर्टपर्यंत नऊ तास. तिथं विमान बदलायचं, मग आणखी दोन."

त्या हिशेबाने, वर थोडी जास्तीची, दुधाची भुकटी पिशवीत भरून जानकी निघाली. फ्रँकफर्टपर्यंत सगळं नीट झालं. पुढे मात्र बर्फ इतका कोसळला की विमानं जागच्या जागी उभी राहिली. कधी सुटणार, ते विचारायला जानकीकडे भाषा नव्हती. तिने काउंटरवरच्या मुलीला रिकामी बाटली दाखवली. मुलीने लगेच गरम पाणी आणून दिलं आणि बाळाला घ्यायला हात पुढे केले. जानकीने हसून मान हलवली.

दूध पिऊनही शुभा रडायची थांबेना. शेवटी जानकीने चपला काढल्या, सरळ गालिच्यावर बसली, पाय लांब केले आणि पोरीला पायांवर घालून डोलवू लागली. कोट-टोपीतली माणसं थबकून बघत होती. शुभा झोपली. ती जागी होऊ नये म्हणून जानकी पाय बधिर होईस्तोवर तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी स्टॉकहोमला उतरल्या. लोकरीची दुलई घेऊन नवे आईबाप उभेच होते. त्या बाईने हात पुढे केले तशी शुभाने किंकाळी फोडली. बाईचा चेहरा पडला.

"थांब गं, घाई नको," जानकी मराठीतच म्हणाली. तिने बाईला हाताला धरून खाली बसवलं, पाय लांब करायला लावले, शुभाला त्यांवर ठेवलं. बाटली बाईच्या हातात दिली आणि वर आपला हात ठेवला. शुभा दूध पिऊ लागली. मग जानकीने हळूच हात काढून घेतला. शुभाने एकदा वर पाहिलं, आणि पीतच राहिली.

बाई रडत होती. जानकी काचेबाहेरचा बर्फ बघत राहिली.

ती परत आली तेव्हा मृणालिनीताईंनी तिला जवळ घेतलं. "जानकी, आमच्यापैकी कुणाला जमलं नसतं हे. पुन्हा जाशील?"

"जाईन की. पोरांना न्यायला कुणीतरी पाहिजेच," जानकी म्हणाली. "येताना तेवढं लई लांब वाटलं, ताई. मांडी रिकामी होती ना."

आणि पदर खोचून ती पाळण्यांच्या खोलीत गेली.